हातकोळपे: निवड, धार आणि तणाची वेळ

गुडघाभर वाढलेल्या तणात नवेकोरे हातकोळपे घेऊन उतरलेला माणूस अर्ध्या तासात घामाघूम होतो, अवजाराला नावे ठेवतो आणि पुन्हा उकिडवा बसून खुरप्याने तण उपटू लागतो. त्या अवजाराकडून त्याने भलतीच अपेक्षा केलेली असते. लांब दांड्याचे हातकोळपे असते ते नुकत्या उगवलेल्या, दोन-चार पानांच्या तणासाठी. माती वरून कोरडी असावी, पात्याला धार असावी, तण बोटभरही नसावे. या तीन गोष्टी जुळल्या की उभ्या उभ्या, फारशी ताकद न लावता वाफाच्या वाफा साफ होतो. एक जरी चुकली तरी काम दुपटीने वाढते.

म्हणून या लेखात खरेदीइतकाच भर धार आणि वेळ यांवर आहे. अवजार साधे मिळाले तरी चालते. बोथट अवजार आणि उशीर मात्र चालत नाही.

आधी समजून घ्या: तण मरते कशाने

बियांपासून उगवलेल्या रुंद पानांच्या कोवळ्या तणाला पहिल्या दोन पानांच्या, म्हणजे बीजदलांच्या खाली कापले, की पुन्हा फुटायला डोळाच शिल्लक राहत नाही. ते संपलेच. गवतवर्गीय तणाचे तसे नाही. त्याचा वाढीचा कोंब सुरुवातीच्या दिवसांत जमिनीलगत किंवा जमिनीच्या किंचित खाली असतो. वरून पाने छाटली तर चार दिवसांत ते पुन्हा हिरवे होते. दोन्ही प्रकार एकाच फटक्यात मरावेत यासाठी पाते मातीच्या पृष्ठभागाखाली साधारण 1 ते 2 सेंटीमीटरवरून सरकले पाहिजे. याहून वर नको आणि याहून खालीही नको.

खाली का नको, याला दोन कारणे आहेत. भाजीपाल्याची आणि फुलझाडांची बारीक मुळे वरच्याच थरात पसरलेली असतात, खोल कोळपले की ती तुटतात. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. मातीच्या खालच्या थरांत तणाचे बी वर्षानुवर्षे निजून असते. अनेक बारीक बियांना उगवायला उजेडाची चाहूल लागते, आणि वरच्या दोन-तीन सेंटीमीटरांच्या खालून त्यांचा कोंब बाहेर पोचतही नाही. आपण खोल खणतो तेव्हा हेच बी वर आणून त्याला उजेड दाखवतो. हे बी किती टिकते, याचा अंदाज येण्यासाठी एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये तणांचे बी वाळूत मिसळून 20 बाटल्यांत भरले आणि त्या बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून त्यातले बी पेरायचे, असा बेत होता. 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतलेही काही बी उगवले. म्हणजे तुमच्या वाफ्याखाली आजोबांच्या काळातले तण वाट पाहत पडलेले असू शकते. त्याला पडू द्या.

कोणते घ्यावे

दुकानात नावे काहीही असोत, पाते कोणत्या दिशेने कापते यावरून अवजार ओळखायचे.

पहिला प्रकार ओढायचा. यात पाते दांड्याशी काटकोनापेक्षा थोड्या कमी कोनात बसवलेले असते. तुम्ही ते पुढे टेकवता आणि स्वतःकडे ओढता. हलक्या मातीपासून बऱ्यापैकी घट्ट मातीपर्यंत ते चालते, पाते थोडे उचलून आपटले तर कडक झालेला पापुद्राही फुटतो, आणि पात्याच्या कोपऱ्याने बी पेरायला बारीक रेघही ओढता येते. रोपांना मातीची भर द्यायलाही हेच कामाला येते.

दुसरा प्रकार ढकलायचा. यात पाते जमिनीला जवळपास समांतर असते आणि धार पुढच्या बाजूला. मोकळ्या, भुसभुशीत मातीत हे फार झपाझप चालते, कारण तुम्ही मागे सरकत जाता आणि कापलेल्या तणावर तुमचा पाय पडत नाही. दगडगोटे असलेल्या किंवा आवळून बसलेल्या मातीत मात्र ते अडखळते, आणि दांड्याचा धक्का थेट मनगटाला बसतो.

तिसरा प्रकार दोन्हीकडे कापणारा. रिकिबीच्या आकाराची पोलादी पट्टी एका बिजागरीवर किंचित हलती ठेवलेली असते. ओढताना एक कड कापते, ढकलताना दुसरी. माती पट्टीच्या मधल्या पोकळीतून निघून जाते, त्यामुळे ढीग साचत नाही. नवशिक्याला खोली सांभाळायला हे सर्वांत सोपे, कारण पट्टी आपोआप योग्य कोनात झुकते. दोष दोन. पट्टी पातळ असल्याने मोठ्या तणात ती वाकते, आणि बिजागरीचा बोल्ट सैल झाला की सगळे खिळखिळे वाटू लागते.

चाकाचे, म्हणजे सायकल कोळपेही असते. लांब सरळ ओळी आणि बरीच जागा असेल तरच त्याचा विचार करा. चार-सहा वाफ्यांसाठी ते वळवण्यातच वेळ जातो.

एकच घ्यायचे तर माझे मत ओढायच्या प्रकाराकडे झुकते. त्याच्या पात्याची रुंदी 12 ते 15 सेंटीमीटर असावी. दाट पेरलेल्या ओळींत शिरायला पुढेमागे 7-8 सेंटीमीटरचे दुसरे घेता येईल. माती आधीच भुसभुशीत असेल, नियमितपणे कंपोस्ट पडत असेल, तर तिसरा प्रकार जास्त सुख देईल. रुंदी ठरवताना दोन ओळींमधले अंतर मोजा आणि पाते दोन्ही बाजूंनी निदान चार-पाच सेंटीमीटर मोकळे राहील एवढेच घ्या. रुंद पाते म्हणजे जास्त काम, हा हिशेब फक्त मोकळ्या वाफ्यात खरा ठरतो. रोपांमध्ये रुंद पाते म्हणजे कापलेली रोपे.

आता वजन. खणायची कुदळ जड असते, कारण तिचे वजनच ती मातीत घुसवते. तणाच्या अवजाराचे काम सरकण्याचे आहे, त्यामुळे त्याचे डोके हलके असावे, अर्धा किलोच्या आसपास. दुकानात हातात घेऊन पाहाल तेव्हा जड अवजार मजबूत वाटते आणि हलके तकलादू. त्या भावनेवर जाऊ नका. हेच वजन तुम्हाला तासाभरात शेकडो वेळा मागे-पुढे करायचे आहे. पाते पातळ पण न लवणारे असावे. बोटाने टिचकी मारल्यावर चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, मऊ पत्र्याचा भद्द. ही काही प्रयोगशाळेतली परीक्षा नव्हे, पण अगदीच पत्रा असलेला माल यातून ओळखू येतो.

डोके आणि दांडा यांचा सांधा नीट पाहा. पात्याला आरपार नेढे असून त्यात दांडा ठोकलेला असेल, किंवा पात्यामागच्या लांब नळीत दांडा शिरून खिळा मारलेला असेल, तर उत्तम. पात्यामागची बारीक सळई दांड्यात खुपसून वर पातळ कडी चढवलेली असेल तर ती जागा पहिल्यांदा सैल होणार. नळी पत्रा वळवून केलेली आहे की अखंड घडवलेली, हेही बघा. वळवलेल्या नळीची शिवण उघडते.

दांडा: इथे कंजुषी नको

माझ्या मते नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत दांड्याच्या लांबीत होते. आखूड दांडा घेतला की ताबा जास्त मिळाल्यासारखा वाटतो, पण कंबर वाकते, आणि वाकलेल्या कमरेने तण काढणे हे अवजार नसल्यासारखेच. आखूड दांड्याच्या अवजाराने माणसाचे काय होते, याची एक साक्ष कायद्याच्या इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांना हातभर दांड्याच्या अवजाराने दिवसभर ओणवे राहून विरळणी आणि तणकाढणी करावी लागे. त्यातून पाठीचे कायमचे आजार जडत. बऱ्याच लढ्यानंतर 1975 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते अवजार असुरक्षित ठरवले आणि त्याचा वापर बंद झाला. मालकांचे म्हणणे असे होते, की लांब दांड्याने पिकाची नासाडी होईल. लांब दांड्यानेही शेती सुरूच राहिली.

माप घ्यायची सोपी रीत अशी. अवजार उभे धरून शेजारी ताठ उभे राहा. दांड्याचे टोक निदान तुमच्या हनुवटीपर्यंत यावे. ढकलायच्या आणि दुहेरी प्रकाराला कपाळापर्यंत आले तरी बिघडत नाही. मग काम करताना उभे राहाल तसे उभे राहा, पाठ सरळ ठेवा, आणि पाते जमिनीला कसे टेकते ते पाहा. ओढायच्या अवजाराची धार जमिनीला तिरपी, जवळपास आडवी भिडायला हवी. ती उभी भिडत असेल तर अवजार माती ओरबाडणार, कापणार नाही. पात्याची मान तुमच्या उंचीला जुळत नसेल तर दुसरे अवजार बघा. घरात दोन वेगळ्या उंचीची माणसे बागेत काम करत असतील तर दोघांना दोन दांडे लागतील, हे गृहीत धरा.

लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला समांतर धावत असाव्यात. मध्येच आडव्या कडेला बाहेर पडणारी रेष किंवा मोठी गाठ म्हणजे तुटायची जागा. रंग फासलेला दांडा शक्यतो टाळा. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि चकचकीत वार्निशवर घामेजलेल्या हाताला फोड येतात. आधीच घेतला असेल तर बारीक पॉलिश पेपरने वार्निश उतरवून जवसाचे तेल चोळा. यात एक खबरदारी हवी. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती मोकळी पसरून वाळवा, मगच फेका.

धार: नव्या अवजारालाही आधी धार

बहुतेक नवी अवजारे बोथटच विकली जातात, वर रंगाचा थर असतो. ते तसेच वापरायला घेऊ नका. बोथट पाते तणाला कापत नाही, बाजूला ढकलते. तण आडवे होते, पाते त्याच्यावरून जाते, आणि दोन दिवसांनी ते मान वर काढून उभे राहते. मग माणूस जोर लावतो, जोर लावला की पाते खोल जाते, आणि खोल गेल्याचे परिणाम वर सांगितलेच आहेत.

लागणारे सामान थोडके आहे. 20 ते 25 सेंटीमीटर लांबीची, एकेरी दात्यांची सपाट कानस आणि तिला लाकडी मूठ. मुठीशिवाय कानस वापरू नका, तिचे टोकदार शेपूट तळहातात घुसते. पाते धरायला शिकंजा असेल तर छान, नसेल तर दांडा बाकाला घट्ट बांधून पाते कडेबाहेर काढा. तारेचा ब्रश, जाड हातमोजे, खडूचा एक तुकडा आणि एक मार्कर पेन. बस्स.

पाते धुऊन, घासून, कोरडे करा. गंज आणि रंग धारेच्या पट्ट्यावरून तरी पूर्ण निघायला हवा. मग धारेचा उतार कोणत्या बाजूला आहे ते पाहा. हातकोळप्याला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट राहते. तो आहे त्याच बाजूला ठेवा. उतार वर आणि सपाट बाजू खाली असेल तर पाते मातीत आडवे राहून पुढे घुसत जाते. उतार खाली असेल तर पाते किंचित वर उचलले जाते आणि कमी खोल चालते. दोन्ही चालतात, फक्त दर वेळी बाजू बदलत राहिलात तर पातेही झिजते आणि हाताला सवयही लागत नाही. ढकलायच्या अवजाराला मात्र उतार वरच्या बाजूलाच हवा, म्हणजे खालची सपाट बाजू जमिनीवरून घसरते.

कोन साधारण 30 अंशांचा धरा. कोनमापक लागत नाही. काटकोनाचे मनात तीन भाग करा, त्यातला एक. दगडाळ मातीत 40 अंशांपर्यंत बोजड धार ठेवली तर ती जास्त टिकते. मऊ, बारीक मातीत 25 अंशही झेपतात. चाकूसारखी पातळ धार काढायचा मोह होतो, पण पहिल्याच खड्यावर तिचे तुकडे पडतात.

उताराच्या पूर्ण पट्ट्यावर मार्कर फिरवून शाई लावा. कानशीचे दोन घाव घाला आणि शाई कुठून निघाली ते पाहा. फक्त मागच्या बाजूने निघाली तर कानस जास्तच आडवी धरली आहे. फक्त अगदी कडेवरून निघाली तर जास्तच उभी. पूर्ण पट्टा चकाकला की कोन जुळला. हात तिथेच ठेवा, खांदा आणि कोपर हलवा.

कानस फक्त पुढे जाताना कापते. दाब देऊन पुढे ढकला, परत आणताना उचला. मागे घासत आणलेली कानस पाते तर कापत नाहीच, तिचे दातेच बोथट होतात. पात्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तिरपे, लांब घाव घाला. मधल्या भागावर जास्त घाव पडून पात्याला खोलगट चंद्रकोर येते, तिकडे लक्ष असू द्या. कानशीच्या दात्यांत लोखंडाचा कीस अडकला की ती ओरखडे काढू लागते. ब्रशने झाडून दात्यांवर खडू घासला की कीस कमी चिकटतो. कानस कापण्याऐवजी नुसती घसरत असेल तर एक तर ती म्हातारी झाली आहे किंवा पात्याचे पोलाद तिच्यापेक्षा कडक आहे. नवी कानसही घसरली तर धारेचा दगड घ्या.

पूर्ण लांबीभर घाव झाले की सपाट बाजूला एक पातळ खरखरीत कड वळून आलेली जाणवेल. अंगठा धारेला आडवा, पात्याकडून बाहेरच्या दिशेने फिरवून पाहा. धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवू नका. ही कड टोकापासून टोकापर्यंत लागली म्हणजे उतार शेवटपर्यंत पोचला. आता पाते उलटून सपाट बाजूवर कानस अगदी आडवी टेकवून एक-दोन हलके हात फिरवा आणि ती कड काढून टाका. इथे कोन देऊ नका.

तपासायला पाते उजेडात धरा आणि धारेकडे समोरून बघा. बोथट जागी पांढरी चमकती रेष दिसते, धारदार जागी काहीच दिसत नाही. चमक दिसेल तिथे आणखी दोन घाव.

विजेच्या ग्राइंडरबद्दल लोक नेहमी विचारतात. खाचा पडून पात्याची कड दातेरी झाली असेल तर तो उपयोगी आहे, रोजच्या धारेला नाही. पातळ कड क्षणात तापते. पोलादावर आधी फिकट पिवळा रंग चढतो आणि 300 अंश सेल्सिअसच्या सुमारास ते निळे पडते. निळे झाले म्हणजे तिथले पाणी उतरले, ती जागा मऊ झाली आणि आता तिथे धार टिकणार नाही. वापरायचाच असेल तर डोळ्यांवर चष्मा चढवा, पाते क्षणभरच टेकवा, दर वेळी पाण्यात बुडवा, आणि शेवटचा हात कानशीनेच फिरवा.

एकदा नीट धार काढली की पुढे ती फक्त ताजी ठेवायची असते. कामाला जाताना छोटी कानस खिशात घ्या. खडेमिश्रित मातीत अर्ध्या-पाऊण तासाने चार-पाच घाव पुरतात. बसायला निमित्तही मिळते.

वेळ कधीची

ऊन पडणार आहे, वारा आहे, आणि पुढचा दिवसभर पावसाची किंवा पाणी देण्याची वेळ नाही, असा दिवस पकडा. सकाळी दव उडाल्यावर काम केले की कापलेले तण दुपारपर्यंत सुकून काडी होते. संध्याकाळी कोळपून लगेच पाणी दिलेत, तर अर्धे तण पुन्हा मुळे धरते. ती कोळपणी नव्हे, लावणीच झाली.

मातीला वाफसा हवा. मूठभर माती दाबून सोडा. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला तर चला. गोळा चिकट राहिला, बोटाला माती लागली, तर थांबा. ओल्या चिकणमातीत पात्यावर लपका बसतो, पायाखालची जमीन दबते, आणि वाळल्यावर ढेकळे होतात. उलट माती वाळून कडक झाली असेल तर हलके पाणी देऊन एक-दोन दिवसांनी या.

पाऊस किंवा पाणी यानंतर साधारण आठवडा-दहा दिवसांत नवे तण बारीक धाग्याएवढे झालेले असते. काही ठिकाणी ते डोळ्यांना दिसतही नाही. माती बोटाने उकरली तर पांढरे कोंब सापडतात. तेव्हाच कोळपा. काहीच दिसत नसताना वाफ्यात फिरणाऱ्या माणसाला बघून शेजारी हसतील, हसू द्या. भाजीपाल्यासाठी पेरणी किंवा लावणीनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे सर्वांत नाजूक. पिकाची पाने एकमेकांना भिडून जमीन झाकली की तणाचा जोर आपोआप कमी होतो. कांद्यासारख्या उभ्या, अरुंद पानांच्या पिकाला हे संरक्षण कधीच मिळत नाही. तिथे शेवटपर्यंत फेऱ्या माराव्या लागतात.

पेरणीआधीची एक युक्ती या सगळ्यांहून जास्त फळ देते. वाफा तयार करा, सपाट करा, पाणी द्या आणि काहीही न पेरता दहा-पंधरा दिवस सोडून द्या. वरच्या थरातले तण उगवून येईल. ते अगदी वरवर, सेंटीमीटरभर खोलीवरून कापा आणि मग माती न उलटता पेरा. पेरताना पुन्हा खणलेत तर सगळे मुसळ केरात.

हात कसा चालवायचा

पायात बंद बूट असू द्या. दांडा दोन्ही अंगठे वरच्या दिशेला ठेवून धरा, उभ्याने लांब झाडू मारताना धरतो तसा. या पकडीत पाठ आपोआप सरळ राहते. अंगठे खाली वळले की खांदे झुकतात आणि मागोमाग कंबर.

ओढायचे अवजार हातभर पुढे टेकवा, पाते जवळपास आडवे करा आणि स्वतःकडे वीस-तीस सेंटीमीटर ओढा. उचलून आपटायची गरज फक्त कडक पापुद्र्यावर. ओढताना बारीक कर्र असा आवाज येतो, मुळे कापली जात असल्याचा. तो आला की खोली बरोबर आहे. पुढ्यात मातीचा ढीग साचत असेल तर पाते खोल गेले आहे किंवा उभे झाले आहे. शक्यतो ओळीच्या बाजूने, कोळपलेल्या जागेत पाय न टाकता चाला. पाय पडला की कापलेले तण ओल्या मातीत परत दाबले जाते आणि त्यातले काही जगते. ढकलायचे अवजार घेतले असेल तर तोंड कामाकडे ठेवून मागे मागे सरकत जा. दुहेरी अवजाराला आखूड मागेपुढे झोके पुरतात, दाब देऊ नका.

दर काही मिनिटांनी हात बदला, म्हणजे खालचा हात वर आणि वरचा खाली. सुरुवातीला डावा हात अडाणी वाटतो, पण एकाच बाजूने तासभर पिळलेली कंबर दुसऱ्या दिवशी जाब विचारते.

रोपांजवळ वेग कमी करा. पात्याची चाल रोपापासून दूर जाणारी असावी, रोपाच्या दिशेने कधीच नाही. हात घसरला तरी पाते मोकळ्या जागेत जाईल. खोडाभोवती चार-पाच सेंटीमीटरचे कडे सोडा, त्यातले तण बोटांनी उपटा. कोवळ्या खोडाची साल एकदा खरचटली की तिथून रोग शिरतो, त्यामुळे इथे कौशल्य दाखवायची हौस आवरा. ठिबकची नळी असेल तर आधी ती उचलून बाजूला ठेवा, किंवा पात्याचे कोपरे कानशीने किंचित गोल करून घ्या. नळी कापल्याचे लगेच कळत नाही, पुढचे पाणी सोडल्यावर कळते.

कोळपणीने वरचा पापुद्राही फुटतो आणि पुढचे पाणी जमिनीत नीट मुरते. अठराव्या शतकात जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याने घोड्याने ओढायच्या कोळप्याचा धडाक्याने पुरस्कार केला. वनस्पती मातीचे सूक्ष्म कण खातात, म्हणून माती बारीक केली की पीक पोसते, अशी त्याची समजूत होती. समजूत चुकीची होती, पण तण गेल्याने पीक मात्र सुधारे.

हट्टी मंडळी

काही तणांपुढे हातकोळप्याची मात्रा तितकीशी चालत नाही. घोळाचे मांसल खोड कापून टाकले तरी ओलाव्यावर नव्याने मुळे धरते, आणि फुलावर आलेले असेल तर उपटल्यावरही त्यात बी पिकू शकते. केनाही पेरापेरांतून मुळे सोडतो. ही दोन्ही गोळा करून वाफ्याबाहेर काढा. फुलावर आलेले कोणतेही तण वाफ्यात वाळायला ठेवू नका. बाकीचे बारीक तण तिथेच पसरू द्या, मुळे उन्हाला लागतील असे.

हरळी आणि लव्हाळा यांना कोळपणे म्हणजे केस कापणे. हरळीच्या धावत्या खोडाचा तुकडा जिथे पडेल तिथे नवे रोप होते, त्यामुळे ती कापत बसण्याऐवजी कुदळीने किंवा दातेरी काट्याने सैल करून अख्खी ओढून काढावी लागते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची पाने कापली की गाठ साठवणीतले अन्न खर्चून पुन्हा फुटते. ती नव्या गाठी धरण्याआधी, दोन-तीन आठवड्यांच्या आत, पुन्हा कापा. पुन्हा फुटेल, पुन्हा कापा. साठा संपेपर्यंत हे चालवायचे, आणि एक पूर्ण हंगाम तरी लागतो. मध्येच महिनाभर सोडून दिलेत तर हिशेब पहिल्यापासून.

काम संपल्यावर

पाते लाकडाच्या चिपेने खरवडा, पुसा, कोरडे करा आणि तेलाचा पातळ हात फिरवा. जुने वंगणतेल नको, ते शेवटी मातीतच जाते. अवजार खुंटीवर टांगा किंवा धार भिंतीकडे करून ठेवा. गवतात धार वर करून पडलेले हातकोळपे पायाखाली आले तर दांडा उसळून तोंडावर बसतो आणि पाय कापतो, दोन्ही एकदम.

उन्हाळ्यात लाकूड आकसून डोके हलू लागते. अवजार रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा उपाय सगळे सांगतात. त्याने लाकूड फुगून तात्पुरते घट्ट बसते, पण नेढ्यात जागा नसल्याने फुगताना त्याचे तंतू चिरडतात, आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा जास्त सैल होते. त्याऐवजी दांडा पूर्ण कोरडा असताना नेढ्यात घट्ट ठोका, टोकाला चीर देऊन कडक लाकडाची पाचर मारा आणि बाहेर आलेला भाग कापून टाका. नळीचा सांधा असेल तर खिळा काढून दांडा आत सरकवा, नवे भोक थोडे बाजूला पाडा आणि खिळ्याऐवजी आरपार बोल्ट घाला. दुहेरी अवजाराच्या बिजागरीचा बोल्ट पट्टी हलेल पण लटपटणार नाही इतपत आवळा. त्याला दोन नट एकावर एक बसवले की कामाच्या मध्ये तो सुटत नाही.